शनिवारचं काम

"कल्याणी, तुला या देशात राहायचंय ना?"

दामले सरांनी हे मराठीत विचारलं. कंपनीत ते माझ्याशी कधीच मराठी बोलत नसत. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो तरी इंग्रजी, आणि तिसरं कुणी आत शिरलं की जर्मन. मराठी असायची ती शनिवारी, त्यांच्या घरी. आज त्यांनी कंपनीतल्याच बैठकीच्या खोलीचं दार लावलं, काचेवरच्या पट्ट्या खाली सोडल्या आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. कागद माझाच होता. आदल्या आठवड्यात मी तो एचआरला दिला होता.

"राहायचंय, सर," मी म्हणाले.

"मग हा अर्ज मागे घे. मी सांगतो त्यांना, पोरीचा काहीतरी गैरसमज झाला होता म्हणून."

अर्जात काही जगावेगळं नव्हतं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, मला कपडे बेतून शिवून देण्याचं स्वतंत्र काम करायचं आहे, कंपनीची हरकत नसावी, एवढंच. कंपनीची संमती हातात पडली की मग परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन रीतसर परवानगी मागायची, असा तिथला नियम. मी नियमाने चालले होते. आणि त्यासाठीच मला बंद खोलीत बसवलं होतं.

मी इचलकरंजीची. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर होते, आई कांड्या भरायची. मी तिथंच टेक्स्टाइल इंजिनिअर झाले, पुढचं शिकायला जर्मनीत गेले आणि शिक्षण संपल्यावर दक्षिणेकडच्या एका लहान गावात नोकरीला लागले. कारखान्यांच्या धुराड्यांमधली राख अडवायला जे गाळण-कापड लागतं, ते आमची कंपनी विणायची. दामले सर तिथे विभागप्रमुख होते. मूळचे पुण्याचे, पण वीसेक वर्षं तिकडेच, आता जर्मन नागरिक. माझी मुलाखत त्यांनीच घेतली. "इचलकरंजी? हावळ? म्हणजे माग तुमच्या रक्तातच आहे की," असं माझं गाव-आडनाव वाचून ते हसून म्हणाले, तेव्हा मीही हसले होते. मला ते कौतुक वाटलं होतं. रक्तात काही नसतं. मी सहा वर्षं पुस्तकांत डोकं घालून बसले होते. पण हे त्यांना सांगावं असं तेव्हा सुचलं नाही, कारण मला नोकरी हवी होती.

पहिल्याच महिन्यात त्यांच्या पत्नीने, मेधावहिनींनी, मला शनिवारी जेवायला बोलावलं. परक्या गावात कुणीतरी वरण-भातावर लिंबू पिळून वाढतंय म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जेवण झाल्यावर वहिनींनी तळघरात नेलं. तिथे दोन शिलाई मशीन होती आणि साड्यांचे गठ्ठे. वहिनी शिवलेल्या नऊवारी विकायच्या. जर्मनीतल्या गावोगावच्या मराठी मंडळांतून त्यांना मागणी होती, पण बेत काही जमत नव्हता. काष्टा ओघळायचा, बाई बसली की ओचा सुटायचा. "तू बघतेस का जरा?" त्या म्हणाल्या. मी बघितलं. मग पुढच्या शनिवारीही बघितलं. नंतर कुणी विचारेनासंच झालं. शनिवार म्हणजे तळघर. सकाळी जायचं, मापं घ्यायची, बेतायचं, शिवायचं, दुपारी वर जाऊन जेवायचं, पुन्हा खाली. निघताना वहिनी डबा द्यायच्या. पैशाचा विषय मी एकदाच काढला होता. वहिनी इतक्या दुखावल्या, की मीच ओशाळले. "अगं, घरचीच ना तू?"

दोन वर्षं मी घरचीच होते.

मग उन्हाळ्यातल्या गावजत्रेत मंडळाच्या बायकांनी लेझीम केलं, अंगावर सगळ्या मी शिवलेल्या नऊवारी. तिथे जवळच्या शहराच्या नाट्यगृहाची वेशभूषा सांभाळणाऱ्या फ्राऊ लिंडनर आल्या होत्या. खेळ संपल्यावर त्या मागे आल्या, एका बाईचा पदर उलटा करून शिवण पाहिली आणि विचारलं, हे कुणाचं काम? वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, माझं. लिंडनरबाईंनी मागच्या काठाबद्दल काहीतरी साधंसंच विचारलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं. त्या बाईंना काय समजायचं ते समजलं आणि त्यांनी आपलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. परतताना गाडीत वहिनी सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "ते कार्ड माझ्याकडे दे हं, हरवशील." मी दिलं नाही. का दिलं नाही ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पर्स उघडायला हातच गेला नाही.

पुढच्या वसंतात नाट्यगृहात एक नृत्यनाट्य व्हायचं होतं. त्याचे सगळे पोशाख नऊवारीच्या बेतावर करायची लिंडनरबाईंची कल्पना होती आणि ते काम त्या मला देणार होत्या. जाहिरातीच्या फलकावर नावासकट. मी हवेत तरंगत होते. त्यांनीच मला जमिनीवर आणलं. म्हणाल्या, तुमच्या परवान्यावर स्वतंत्र काम चालतं का ते आधी बघा, त्याशिवाय मी तुम्हाला टाचणीही लावू देणार नाही. घरी येऊन मी परवान्यासोबतचा जोडकागद काढला. कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, एवढंच मी त्यावर आजवर वाचलं होतं. त्याच्या खाली एक ओळ होती. स्वतंत्र व्यवसाय करण्यास परवानगी नाही.

म्हणून तो अर्ज. आणि म्हणून ती बंद खोली.

"मी चोरून काही करत नाही, सर," मी म्हणाले. "परवानगीच मागतेय."

"परवानगी मागायला गेलीस की ते पहिला प्रश्न काय विचारतील माहितीये? याआधी काय करत होतीस." सर खुर्चीत मागे रेलले. आवाज अगदी प्रेमळ होता. "मंडळातल्या सगळ्या बायकांची मापं कुणी घेतली? तू. शिवलं कुणी? तू. तुझे फोटो आहेत, तोंडात टाचण्या धरलेले. मेधा फक्त साड्या विकते. तिचा धंदा नोंदलेला आहे, ती नागरिक आहे, तिला कुणी काही विचारणार नाही."

"पण मी ते वहिनींसाठी शिवत होते."

"कोण म्हणतं?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"नोव्हेंबरात तुझ्या परवान्याची मुदत संपते. कंपनीचं पत्र माझ्या शेऱ्याशिवाय निघत नाही. मला तुझं वाईट करायचं नाहीये, कल्याणी. आपल्या माणसाचं कोण वाईट करतं? नाट्यगृहाचं काम मेधाच्या नावावर घेऊ. तू कर की तुला हवं तसं. नाव काय, नावाला कोण विचारतं."

मी कागद उचलला, घडी घातली आणि बाहेर पडले. त्यांना वाटलं असणार, पोरगी वठणीवर आली.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी माझ्या टेबलाकडे गेलेच नाही. सरळ विणकामाच्या शेडमध्ये शिरले. तिथे माग चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं कानात पडत नाही, सगळ्यांच्या कानांवर संरक्षक लावलेले असतात. मी दोन मागांच्या मधल्या गल्लीत उभी राहिले आणि ओरडले. शब्द नव्हते. जे आलं ते ओरडले. घसा चिरेपर्यंत. 'कोण म्हणतं' हे दोन शब्द माझ्या डोक्यात मागाच्या ठोक्यासारखे पडत होते. सगळ्यात जास्त राग कसला होता? धमकीचा नव्हता. तो माणूस हे सगळं पहिल्या शनिवारपासून जाणून होता, त्याचा. माझ्या कागदावरची ती ओळ मी वाचली नव्हती, त्याने वाचली होती. मी वरण-भात खाऊन डोळे पुसत होते तेव्हाही त्याला ठाऊक होतं, की हिला आपण कधीही गाडू शकतो.

गल्लीच्या टोकाला फ्राऊ एर्देम उभ्या होत्या. त्या शेडच्या पर्यवेक्षक, आणि कामगारांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीही. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं.

"ऐकू काही आलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तोंड दिसलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. जर्मन अडखळत होतं, तरी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांचे वडील तुर्कस्तानातून याच शेडमध्ये कामाला आले होते, हे मला नंतर कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, की अर्ज मागे घेऊ नकोस, आणि कचेरीत तो जायच्या आत तू जा. तो आधी बोलला तर तुला जन्मभर खुलासे करत बसावं लागेल.

मैत्रिणींपैकी एकीला विचारलं तर तिने उलटा सल्ला दिला. म्हणाली, वेडी आहेस का, कचेरीत विचारलं तर सरळ नाही म्हण. आधी कधी सुईसुद्धा धरली नाही म्हण. त्यांच्याकडे काय पुरावा आहे?

इचलकरंजीला फोन केला. आईला मी आजवर सांगत आले होते, की शनिवारी सरांकडे जेवायला जाते. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी पूर्ण सांगितलं. ती म्हणाली, "दोन वरसं तू तिथं फुकट शिवत हुतीस? आन् मला का नाही सांगिटलंस?" दिवाळीनंतर धाकटीचं लग्न ठरलं होतं. त्याला यायचं आहे ना, कागदाचं काही झालं तर कशी येशील, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

त्या शनिवारी मी दामल्यांकडे गेले. सर बॅडमिंटन खेळायला गेले होते, मला ते माहीत होतं. वहिनींनी नेहमीसारखं ताट घेतलं. मी बसले नाही.

"वहिनी, हा धंदा कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. का गं?"

"सरांचं नाव कुठेच नाही?"

"शिरीष म्हणाला, नोकरी आहे म्हणून त्याचं नको." त्यांनी ओढणीला हात पुसले. "झालंय काय?"

तिथे, त्या स्वयंपाकघरात, मला त्या माणसाची हुशारी पुरती कळली. मला तळघरात आणलं त्याने, ठेवलं त्याने, धमकावलं त्याने. आणि कागदावर तो नव्हताच. मी कचेरीत तोंड उघडलं तर घाव बसणार होता या बाईवर, जिने मला जेवू घातलं होतं. सर पुन्हा नामानिराळे.

मी वहिनींना स्पष्ट सांगितलं. मला कचेरीत विचारलं तर मी खरं सांगणार आहे आणि तुमचं नाव घ्यावं लागणार आहे. त्यापेक्षा तुम्हीच माझ्यासोबत चला. जे झालं ते सांगू. सरांनी काय धमकी दिली तेही सांगू.

वहिनी रडायला लागल्या. खुर्चीत बसून, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावून. "मला त्या कागदांतलं काही कळत नाही गं. मला कुठे माहीत होतं, तुला असं चालत नाही ते? मी आपली तुला मुलीसारखी... हे सगळं शिरीषच बघतो. तू असं करू नकोस. माझं नाव नको घेऊस, कल्याणी."

"मग येता सोबत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी खाली जाऊन माझी कात्री तेवढी घेतली. ती माझी होती, आईने दिलेली. बाकी सगळं तिथंच राहिलं, अर्धवट बेतलेल्या दोन साड्यांसकट.

परदेशी नागरिकांच्या कचेरीतले अधिकारी क्राउझे नावाचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला, नाट्यगृहाचं पत्र वाचलं, कंपनीची संमती मागाहून जोडा म्हणाले. बाकी सगळं ठीक आहे असं दिसलं. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "हे काम तुम्ही आधीपासून करत होता का?"

सरांनी सांगितलेला प्रश्न अगदी शब्दाला शब्द आला. मैत्रिणीने शिकवलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका शब्दाचं काम होतं.

"हो," मी म्हणाले. "स्वतःसाठी नाही. दर शनिवारी, एका घराच्या तळघरात. जेवणावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मैत्रीखातर कुणाला मदत केली असेल, तर तो वेगळा विषय आहे," ते सावकाश म्हणाले. मला वाटतं, ते मला वाट काढून देत होते. "तशी मदत होती का?"

"नाही. तो धंदा होता. माल विकला जायचा. न जायची मला सोय नव्हती, कारण त्या घराचे मालक कंपनीत माझे साहेब आहेत."

"धंदा कुणाच्या नावावर?"

मी मेधा दामले हे नाव सांगितलं. त्या धंद्यामागे कोण होतं तेही सांगितलं. बैठकीच्या खोलीत काय बोलणं झालं, तेही जसंच्या तसं. त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि शेवटी मला वाचून दाखवलं. मी सही केली. राग एवढा होता, की भीतीला जागाच नव्हती.

पुढचे महिने वाईट गेले. चौकशी दुसऱ्या खात्याकडे गेली. माझी मुदतवाढ अडकली आणि हातात तात्पुरता कागद आला. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, असं मी गाठलेल्या वकिलांनी बजावलं. धाकटीचं लग्न मी फोनवर पाहिलं. मामाने फोन धरला होता, अक्षता पडताना तो हलला आणि मला मांडवाचं छतच दिसत राहिलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढून टाकलं. भारतीय वाण्याच्या दुकानात मंडळातली एक बाई भेटली. हिच्या अंगावरची नऊवारी मी उभं राहून, वाकून, गुडघ्यांवर बसून तीनदा नीट केली होती. ती माझ्याकडे न बघता डाळीच्या पुड्यांशी बोलली, "ज्या ताटात खायचं त्याच ताटात घाण करायची." लिंडनरबाईंनी वाट पाहिली, पण नाटकाची तारीख कुणासाठी थांबत नाही. पोशाख दुसऱ्या कुणी तरी केले. मी खेळ पाहायला गेले होते. काष्टे ओघळत होते.

कंपनीत एर्देमबाईंनी तक्रार लावून धरली. बैठक झाली, तीत सर होते, एचआरच्या प्रमुख होत्या, एर्देमबाई आणि मी. सरांनी जर्मनमध्ये फार छान समजावून सांगितलं. आमच्या संस्कृतीत लहानांनी मोठ्यांच्या घरी हातभार लावणं हा जिव्हाळा असतो, त्याला इकडचे नियम लावून चालत नाही. पत्नीच्या छंदाबद्दल आपल्याला फारशी माहिती नाही. मुलगी हुशार आहे पण हळवी आहे, एकटी असते. धमकीचं म्हणाल, तर आपण फक्त वडीलकीच्या नात्याने सावध केलं.

एचआरच्या बाई मान डोलवत होत्या. संस्कृती म्हटल्यावर त्यांना काय बोलावं सुचेना.

"माझ्या बापालाही हेच सांगायचे," एर्देमबाई म्हणाल्या. "त्याच्या साहेबाचं घर त्यानेच रंगवलं. संस्कृती सगळीकडे साहेबाच्या घरापाशीच का सुरू होते?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुला काही म्हणायचंय? मी रात्रंदिवस भाषणं रचली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मला यांच्या हाताखाली काम करायचं नाही," मी म्हणाले. "आणि माझ्या मुदतवाढीच्या पत्रावर यांचा शेरा नको."

दोन्ही मागण्या मान्य झाल्या. न्याय एवढाच झाला. सरांना आमच्या विभागातून हलवलं. पुढच्या वर्षी कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात ते आणखी वरच्या जागेवर गेले. निरोपाच्या वेळी केक कापला. मला बोलावणं होतं. मी गेले नाही.

वहिनींना दंड झाला. धंदा बंद पडला. परदेशी नागरिकांच्या कचेरीला माझ्याबद्दल जे ठरवायचं होतं ते त्यांनी ठरवलं. मला लेखी समज मिळाली, मुदतवाढ मिळाली आणि त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, पुन्हा अर्ज केल्यावर, माझ्या जोडकागदावरची ती ओळ बदलली. मर्यादित तासांसाठी स्वतंत्र काम करण्यास परवानगी. क्राउझे तोवर निवृत्त झाले होते.

मी हळूहळू सुरुवात केली. आधी लिंडनरबाईंची बारीकसारीक कामं, मग इतर नाट्यगृहांची. कायमचा परवाना मिळाल्यावर कंपनी सोडली आणि जुन्या छापखान्याच्या जागेत स्वतःची कार्यशाळा टाकली. मराठी बायकांच्या नऊवारी मी शिवत नाही. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणते.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी, एका सकाळी, मेधावहिनी दारात उभ्या राहिल्या. केस न रंगवता पांढरेच ठेवलेले, अंगावर साधा कोट. मी त्यांना आत बोलावलं, चहा केला. इकडचं तिकडचं झालं. दंड आला तेव्हा शिरीष म्हणाला, नाव तुझं आहे, तूच बघ. धंद्याचा पैसा त्याने घेतला होता आणि दंड तेवढा माझा, असं त्या सांगत होत्या. वर्षभराने त्या घर सोडून निघाल्या. आता एका खोलीत राहतात आणि कामाच्या शोधात आहेत.

"मला तुझ्याकडे घेशील?" त्या म्हणाल्या. "रीतसर. शिवणातलं काठ-दुमडणीचं काम मला येतं आता. तुझंच बघून शिकले."

खरं सांगायचं तर माझा राग त्यांच्यावर नव्हता तेव्हा. इतकी वर्षं तो दामल्यांवर होता. मला त्या बाईची दयाच येत होती. मी हो म्हणणार होते. शब्द ओठांवर होता. आणि सहज, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं."

त्या कपाकडे बघत राहिल्या.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी इकडे आले तेव्हा माझ्या कागदावर तीच ओळ होती. त्याहून वाईट होती. मला नोकरीसुद्धा चालत नव्हती. सहा वर्षं. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालेली मी, घरी बसून भिंती बघायचे. इथली एक बाई, आपल्यातलीच, डबे करायची. तिच्याकडे जायचे मी. पोळ्या लाटायला. फुकट. ती म्हणायची, घरचीच ना तू." त्यांनी कप खाली ठेवला. "तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी शिरीषला विचारलं होतं, हिच्या कागदावर ती ओळ आहे का. तो म्हणाला, आहे. मग मला बरं वाटलं. म्हटलं, ही कुठे जाणार नाही."

बाहेर माझी सहकारी इस्त्री फिरवत होती, वाफेचा आवाज येत होता.

माझा राग इतकी वर्षं चुकीच्या दारात बसला होता असं मी म्हणणार नाही. दामल्यांच्या दारात तो अजूनही बसलेला आहे. पण त्या दिवशी त्यातला मोठा हिस्सा उठला आणि या टेबलापाशी आला. दामल्यांना ती ओळ म्हणजे हातातली दोरी वाटत होती. त्यांना ती दोरी गळ्यात कशी लागते हे कधी कळणं शक्यच नव्हतं. या बाईला कळत होतं. सहा वर्षं तिने ती स्वतःच्या गळ्यात घातली होती. आणि माझ्या गळ्यात आहे हे कळल्यावर तिला बरं वाटलं होतं.

"वहिनी, उठा," मी म्हणाले.

त्या उठल्या. वाद घातला नाही, रडल्या नाहीत. मला वाटतं, त्या हे सांगायलाच आल्या होत्या आणि कामाचं निमित्त होतं. किंवा काम हवं होतं आणि खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी विचारलं नाही. दारात कोटाची बटणं लावताना त्या म्हणाल्या, "परत येऊ का कधी?"

"नको."

मी चहाचे कप धुतले आणि कामाला बसले. दिवसभर शिवण वाकडी येत राहिली, उसवत राहिले.

महिन्याभराने शेजारच्या शहरातून फोन आला. पडदे आणि सोफ्याचे अभ्रे शिवणारी एक छोटी कंपनी होती, मालकीण बोलत होती. मेधा दामले नावाच्या बाईंनी अर्ज केला आहे, ओळखीची व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलं आहे, दोन मिनिटं बोलता येईल का? माझं नाव द्यायची त्यांची हिंमत बघून मला आधी हसू आलं, मग पुन्हा तीच आग. मी विचारलं, काय माहिती हवी? मालकिणीने शिवणाचा हात कसा आहे विचारलं. मी सांगितलं, हात स्वच्छ आहे. वेळेवर येतात का? येतात. लोकांशी कशा वागतात? मी म्हटलं, हे तुम्ही त्यांनाच विचारा, आता त्या खरं सांगतात.

मालकीण जरा घुटमळली. तिला काहीतरी वास आला असावा.

"तुम्ही स्वतः घेतलं असतं का त्यांना कामावर?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही घ्या."